‘डॉक्टर, हे फ्लोराइड आहे’ : विषबाधेच्या पहिल्या तासात काय करायचं

फ्लोराइडबद्दल मला तीन प्रकारचे प्रश्न येतात. ‘बाळाने टूथपेस्ट खाल्ली, पोट धुवायला न्यावं लागेल का?’ असं घाबऱ्याघुबऱ्या विचारणारी आई असते. ‘आमच्या गावच्या बोअरला फ्लोराइड आहे म्हणतात, विषबाधा होईल का?’ असं यवतमाळ-चंद्रपूरकडून आलेले नातेवाईक विचारतात. तिसरा प्रश्न येतो तो फार शांतपणे : ‘साहेब, दुपारी बोटाला जरा ॲसिड लागलं होतं. दिसत काहीच नाही, पण ठणका थांबेना.’ या तिघांत खरी घाई तिसऱ्याला असायला हवी आणि नेमका तोच सगळ्यात उशिरा येतो.

तिघांची उत्तरं वेगळी आहेत. म्हणून आधी तुम्ही कोणत्या रांगेत आहात ते ठरवू.

बोअरच्या पाण्याचं फ्लोराइड : आजची घाई नाही

पाण्यातलं जास्तीचं फ्लोराइड वर्षानुवर्षं पोटात गेलं की दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, पुढे हाडं आणि सांधे आखडतात. हा दीर्घकाळाचा आजार, फ्लोरोसिस. आपल्या मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. पाणी तपासून घ्या, दुसरा स्रोत शोधा. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचं प्रमाण वाढतं. एका दिवसाच्या पाण्याने मात्र तुम्हाला दवाखान्यात धावावं लागणार नाही.

पाण्यातून एकाएकी विषबाधा झाल्याची उदाहरणं आहेत, पण ती जिथे नळाच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराइड मिसळतात तिथली. अलास्कातल्या हूपर बे गावात १९९२ मध्ये मिसळण्याची यंत्रणा बिघडली. पाण्यातलं प्रमाण लिटरला १५० मिलिग्रॅमवर गेलं, सुमारे ३०० लोक आजारी पडले आणि एकाचा जीव गेला. आपल्याकडे नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळत नाहीत.

निर्णयापुरतं एवढंच लक्षात ठेवा

फ्लोराइडला कॅल्शियमची ओढ असते. शरीरात शिरलं की ते रक्तातलं आणि पेशींतलं कॅल्शियम पकडून बसतं. मॅग्नेशियमही खाली येतं, पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. बोलता-चालता रुग्ण अचानक कोसळतो, तो यामुळे. म्हणूनच यावरचा उपचारही कॅल्शियमच आहे : दूध, गोळी, जेल किंवा शिरेतून इंजेक्शन, ज्या टप्प्यावर जे लागेल ते. हे इंजेक्शन बहुतेक रुग्णालयांत कपाटात असतं. ते बाहेर निघायला उशीर होतो तो एकाच कारणाने. आलेला पदार्थ फ्लोराइड आहे हे खोलीतल्या कुणालाच माहीत नसतं.

घरात आणि शेडमध्ये ते कुठे असतं

- टूथपेस्ट, माउथवॉश, दंतवैद्याकडचं फ्लोराइड जेल
- स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगचे काळे डाग काढायची पिकलिंग पेस्ट
- कपड्यांवरचे गंजाचे डाग काढायची काही औषधं
- ॲलॉय व्हील आणि दगडी फरशी उजळवण्याची काही द्रावणं
- काचेवर नक्षी कोरायचं ॲसिड किंवा क्रीम
- कारखान्यात ‘एचएफ’ म्हणून ओळखलं जाणारं हायड्रोफ्लोरिक ॲसिड

पहिली ओळ सोडली तर बाकीच्यांपैकी बरंच काही बाजारात सुट्या बाटलीत, लेबलाविना मिळतं. घरात फरशी धुवायला आणतात ते बहुधा साधं हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. त्यानेही भाजतं, पण त्याची जात वेगळी. दोन्हीला आपण ‘ॲसिड’च म्हणतो आणि घोटाळा तिथेच सुरू होतो.

नावाची चूक किती महाग पडते याची दोन उदाहरणं देतो. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याच्या सेलम शहरात १९४२ मध्ये एका मनोरुग्णालयाच्या स्वयंपाकघरात झुरळं मारायचं सोडियम फ्लोराइड दुधाची पावडर समजून अंड्यांत घातलं गेलं. २६३ जण आजारी पडले, ४७ दगावले. जपानमधल्या हाचिओजीत १९८२ मध्ये तीन वर्षांच्या मुलीच्या दातांना सोडियम फ्लोराइडऐवजी चुकून हायड्रोफ्लोरिक ॲसिड लावलं गेलं. ती वाचली नाही.

बाळाने टूथपेस्ट खाल्ली

आधी ट्यूब हातात घ्या. आपल्याकडे टूथपेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपेक्षा जास्त असू नये असा नियम आहे आणि तो आकडा ट्यूबवर छापावा लागतो. १००० पीपीएम म्हणजे एका ग्रॅम पेस्टमध्ये १ मिलिग्रॅम फ्लोराइड. हिशेब तोंडी होतो.

समजा बाळाचं वजन ११ किलो आहे. ८० ग्रॅमची ट्यूब अर्धी संपलेली होती, आता त्यात साधारण २५ ग्रॅम उरली आहे. म्हणजे फार तर १५ ग्रॅम पोटात गेली. फरशीवर, फ्रॉकवर, केसांत माखलेली वजा करू नका; सगळी पोटातच गेली असं धरा. १५ मिलिग्रॅमला ११ किलोने भागलं तर किलोमागे १.४ मिलिग्रॅम येतं.

- किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी आणि काही त्रास नाही : तोंड पुसा, कपभर दूध द्या, पुढचे काही तास लक्ष ठेवा. थोडी मळमळ, एखादी पातळ शी होऊ शकते. उलट्या थांबत नसतील तर हिशेब बाजूला ठेवा आणि निघा.
- किलोमागे ५ मिलिग्रॅम किंवा जास्त : दूध पाजा आणि थेट मोठं रुग्णालय गाठा. १० किलोच्या बाळासाठी ही मर्यादा ५० ग्रॅम पेस्टची, म्हणजे १०० ग्रॅमच्या अर्ध्या ट्यूबची.
- किती खाल्लं ते कळतच नाही : जास्त खाल्लं असं समजून रुग्णालयात न्या.

म्हणजे बोटभर पेस्ट चाटलेल्या बाळासाठी पोट धुण्याचा प्रश्नच येत नाही. रात्री अकरा वाजता रिक्षा शोधत फिरणाऱ्या आयांना मला हेच सांगायचं असतं. एक कप दूध द्या आणि बाळाजवळ बसा.

दंतवैद्याकडच्या जेलचा हिशेब मात्र निराळा आहे. नेहमी वापरलं जाणारं जेल १.२३ टक्क्यांचं असतं. त्याच्या ५ मिलीत ६० मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइड भरतं. १२ किलोच्या मुलाने ते सगळं गिळलं तर ५ मिलिग्रॅमची रेषा तिथेच ओलांडली जाते. म्हणून जेल लावताना मूल ताठ बसलेलं असावं, तोंडातली लाळ यंत्राने ओढली जावी, नंतर त्याला नीट थुंकायला लावावं. थुंकता न येणाऱ्या लहान मुलासाठी ‘जेलऐवजी दुसरं काही आहे का?’ असं दंतवैद्यांना मोकळेपणाने विचारा. दातांवर चिकटून बसणारं वार्निश मिळतं आणि ते अगदी थोडं लागतं.

अंगावर पडलं : इथे क्षणाचा उशीर नको

एका संध्याकाळी फॅब्रिकेशन शेडमधला एक तरुण आला. उजव्या हाताची तर्जनी डाव्या मुठीत घट्ट धरलेली, कपाळावर घाम, खांदे कानापर्यंत चढलेले. बोट पाहिलं तर नखाच्या कडेला जराशी पांढुरकी रेघ होती, फोड नाही की लाली नाही. आधीच्या दवाखान्यातून वेदनाशामक गोळी आणि भाजल्याचं मलम घेऊन तो आला होता, आणि तिथल्या डॉक्टरांचा दोष तरी कसा म्हणावा? ‘ॲसिड लागलं’ एवढंच त्यांना सांगितलं गेलं होतं. सोबतच्या मित्राने पिशवीतून एक चेपलेला डबा काढून टेबलावर ठेवला. पिकलिंग पेस्ट. पुढे कुणाला काही विचारायची गरज पडली नाही. रबरी हातमोज्यात कॅल्शियमचं जेल भरलं आणि तो मोजा त्याच्या हातात चढवला. काही वेळाने त्याचे खांदे खाली आले.

हायड्रोफ्लोरिक ॲसिड कातडी जाळून तिथे थांबत नाही, ते आत उतरत जातं. सौम्य द्रावणाचा ठणका सुरू व्हायला काही तास लागतात, कधी २४ तासही. तोवर माणूस घरी जाऊन जेवलेलाही असतो. ५० टक्क्यांहून तीव्र असेल तर मात्र लगेच आग होते, आणि तळहाताएवढ्या जागेवर पडलं तरी हृदयापर्यंत परिणाम पोचू शकतो. म्हणून ‘दिसत काही नाही’ हे समाधान या ॲसिडच्या बाबतीत मानू नका.

लगेच करायच्या गोष्टी, याच क्रमाने :

1. नळाखाली जा. भिजलेले कपडे, घड्याळ, अंगठी वाहत्या पाण्याखालीच काढा. मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत.
2. जेल हाताशी असेल तर पाच मिनिटं धुऊन जेल चोळायला लागा. जेल नसेल तर १५ मिनिटं तरी धूत राहा. त्या वेळात दुसऱ्याने १०८ ला फोन करावा.
3. २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हातमोजा घालून चोळा, दर १०-१५ मिनिटांनी नवीन लावा. बोटांना लागलं असेल तर मोज्यात जेल भरून तो मोजाच घाला.
4. ठणका थांबला तरी रुग्णालयात जा. डबा, बाटली किंवा त्यावरच्या लेबलाचा फोटो सोबत घ्या.

डोळ्यात उडालं तर पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याने १५-२० मिनिटं धुवा आणि नेत्रतज्ज्ञ असलेलं रुग्णालय गाठा. कातडीचं जेल डोळ्यात घालू नका. वाफ छातीत गेली तर मोकळ्या हवेत या आणि बरं वाटलं तरी रुग्णालयात जा. फुप्फुसात पाणी कित्येक तासांनंतर भरू शकतं.

हे करू नका : हळद, तेल, चुना, लिंबू किंवा टूथपेस्ट लावू नका. भाजल्यावर टूथपेस्ट फासायची आपल्याकडे घरोघरी सवय आहे. तिने इथे काही साधत नाही, धुण्याची वेळ मात्र निघून जाते. ठणका मारण्यासाठी बधिर करणारं मलमही नको. कॅल्शियम पुरेसं पोचलं की नाही हे डॉक्टरांना ठणक्यावरूनच कळतं, ती खूण झाकू नका.

जेल औषधाच्या दुकानात सहज मिळत नाही. रुग्णालयात ते दोन मिनिटांत तयार होतं : १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचं १० मिलीचं एक ॲम्प्युल पाण्यात विरघळणाऱ्या साध्या वैद्यकीय जेलीच्या ३० मिलीत ढवळायचं. लिग्नोकेन असलेली जेली नको, कारण तिने बधिरता येते. छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना हे कृपया दाखवा. त्यात कमीपणा वाटायचं काही कारण नाही, हे ॲसिड सगळ्यांच्या पाहण्यात येत नाही.

पोटात गेलं : पेस्ट सोडून दुसरं काहीही

गंजाचं औषध, पिकलिंग पेस्ट, काचेचं ॲसिड, फ्लोराइडची पावडर यांपैकी काहीही एक घोट जरी गिळलं असेल तरी किलोचा हिशेब करत बसू नका. मळमळ, पोटात कळ, लाळ गळणं, उलट्या हे काही मिनिटांत सुरू होऊ शकतं. पुढे ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, हातपाय वळतात, छातीत धडधडतं, फिट येते. मृत्यू आला तर तो बहुतेक वेळा पहिल्या काही तासांतच येतो.

- रुग्ण पूर्ण शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल तर थोडं दूध द्या. दूध नसेल तर कॅल्शियमची चावून खायची गोळी चालेल. शुद्ध कमी असेल तर तोंडात काहीही घालू नका.
- उलटी काढू नका. मिठाचं पाणी पाजून, घशात बोटं घालून उलटी करवतात. ॲसिड अन्ननलिकेला दुसऱ्यांदा भाजतं आणि मिठाचं पाणी स्वतःच घातक ठरू शकतं.
- पानाचा चुना किंवा खायचा सोडा देऊ नका. ‘ॲसिडवर उतारा’ हे गणित पोटात चालत नाही.
- कोळशाची पावडर बऱ्याच विषांवर देतात. फ्लोराइडला ती धरून ठेवत नाही, तिच्या शोधात वेळ घालवू नका.

वाटेत असतानाच दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राला १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर फोन करता येतो. तुमच्या डॉक्टरांनाही तिथे बोलता येईल.

दारात पोचल्यावर काय सांगायचं

पहिलं वाक्य हेच असू द्या : ‘डॉक्टर, हे फ्लोराइड आहे.’ किंवा ‘हे एचएफ आहे.’ कशाने झालं याची सगळी गोष्ट नंतर. त्यापाठोपाठ पदार्थाचं नाव आणि टक्केवारी, किती वाजता, किती प्रमाणात, रुग्णाचं वजन, घरी काय दिलं किंवा लावलं, हे सांगा. गडबडीत आठवत नाही, म्हणून गाडीत बसल्या बसल्या मोबाइलवर टाइप करून ठेवा.

मग साधारण असं होतं. ईसीजीचा मॉनिटर लागतो, रक्तातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम तपासतात आणि पुन्हा पुन्हा तपासतात, कारण पहिला रिपोर्ट चांगला येऊन तासाभरात आकडे घसरू शकतात. कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून देतात, मॅग्नेशियम लागतं, फार गंभीर असेल तर डायलिसिस. पावडर किंवा गोळ्या गिळल्या असतील आणि तासाभरात पोचलात तर डॉक्टर पोट धुण्याचा विचार करू शकतात. भाजणारं ॲसिड असेल तर तो निर्णय वेगळा. बोटांच्या खोल जखमेत कॅल्शियम टोचून किंवा हाताच्या रोहिणीतूनही दिलं जातं.

तुम्ही विचारू शकता : ‘मॉनिटर लावणार का? कॅल्शियम पुन्हा कधी तपासणार?’ हे प्रश्न विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नाही. मला स्वतःला असा नातेवाईक समोर असला की बरं वाटतं. ‘आता बरा दिसतोय, घरी नेतो’ असा हट्ट मात्र धरू नका. ॲसिड किंवा मोठी मात्रा असेल तर किमान २४ तास डॉक्टरांच्या नजरेखाली राहू द्या.

तुमचे हक्क

पोलिसांची भीती नको. विषबाधेची नोंद ‘एमएलसी’ (मेडिको-लीगल केस) म्हणून होते, ती रुग्णालयाची रीतसर जबाबदारी आहे. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट केलं की जीव वाचवायचा उपचार आधी, कायदेशीर सोपस्कार नंतर, आणि हे सरकारी-खासगी सगळ्या डॉक्टरांना लागू आहे. ‘आधी पोलीस ठाण्यात जाऊन या’ असं कुणी म्हणालं तर या निकालाचं नाव घ्या.

जाणूनबुजून घेतलं असेल तरी सांगा. घरचे लोक अब्रूसाठी ‘चुकून प्यायला’ म्हणतात आणि मात्रा कमी सांगतात. ते कॅल्शियमच्या हिशेबाला घातक आहे. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ नुसार असं करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जातं. तिला शिक्षेची भीती दाखवायची नसते, तिची काळजी घ्यायची असते.

कागद मागा. उपचारांच्या नोंदींची प्रत मागितल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत द्यायची असते. नुकसानभरपाईसाठी त्यात पदार्थाचं नाव लिहिलेलं असणं फार महत्त्वाचं आहे. ‘ॲसिड बर्न’ एवढंच लिहिलं असेल तर विनंती करून नाव घालून घ्या.

कामगारांसाठी. जे रसायन हाताळता त्याचं सुरक्षा पत्रक मागायचा तुम्हाला हक्क आहे. ‘एमएसडीएस दाखवा’ म्हटलं की सुपरवायझरला कळतं. इजा झाली त्याच दिवशी अपघात नोंदवहीत लिहून घ्या. ईएसआयचं कार्ड असेल तर उपचार आणि बुडालेल्या दिवसांचा लाभ त्यातून मिळतो. नसेल तर भरपाईची जबाबदारी मालकाची. ठेकेदाराचा माणूस आहे म्हणून हा हक्क सुटत नाही.

पुढच्या वेळेआधी शेडमध्ये

मालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे की जेलच्या दोन ट्यूबा कुलपाच्या कपाटात ठेवू नका, नळाशेजारी ठेवा आणि त्यांची मुदत तपासत जा. पिकलिंगचं काम करणाऱ्याला कापडी हातमोजे देऊ नका. कापड ॲसिड शोषून बोटांशी धरून ठेवतं. निओप्रीन किंवा पीव्हीसीचे जाड मोजे आणा, वापरण्याआधी त्यांत पाणी भरून भोक आहे का पाहा. टाचणीएवढ्या भोकातून गेलेला थेंबही नखाखाली जाऊन बसतो. पेस्ट मूळ डब्यातून पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत काढायची नाही, यावर तर कुणाशीही वाद नको.

घरी सोडल्यावर

नखाखाली लागलं असेल तर नख काळं पडणं, सैल होणं काही दिवस चालू राहतं. ड्रेसिंगच्या तारखा चुकवू नका. ॲसिड गिळलं असेल तर गिळताना अडकतंय का, छातीत दुखतंय का याकडे पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा आणि सांगितलेली दुर्बिणीची तपासणी करून घ्या. बाळाने पेस्ट खाल्ली होती तर दुसऱ्या दिवसापासून त्याच्या ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट लावा, तीन वर्षांनंतर मटारएवढी, आणि ट्यूब आरशामागच्या कपाटात.

बोटाचा ठणका रात्री पुन्हा उठला तर गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका. फ्लोराइड अजून आत आहे, कॅल्शियम आणखी लागणार आहे. त्याच रात्री परत या आणि तो डबा पुन्हा सोबत आणा, कारण ड्युटीवरचे डॉक्टर बदललेले असतील.